कोयत्याचा पिक्चर

“कट!”

मेघनाताई तिसऱ्यांदा ओरडल्या तरी झुंबरचा हात थांबेना. उसाच्या सरीत एक पोतं पालथं घातलं होतं, त्याला सदरा चढवला होता आणि त्यावर तिचा कोयता वर-खाली होत होता. पोत्यात पाचट कोंबून मध्ये लाल रंगाच्या पिशव्या दडवल्या होत्या. त्या केव्हाच फुटल्या होत्या आणि झुंबरच्या कोपरापर्यंत रंग उडाला होता. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसानं शेवटी डोळा काढला आणि म्हणाला, “अरे, धरा तिला कुणीतरी.” पण कोयता हातात असलेल्या बाईला धरायला जातो कोण? सगळे जागच्या जागी उभे राहिले.

मग ती आपणहून थांबली. पदरानं तोंड पुसायला गेली, पण पदरही लाल झालेला बघून तिनं तो सोडून दिला.

“झालं का?” तिनं विचारलं. “का आजून मारू?”

मेघनाताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. त्या पुण्याच्या, वय पस्तिशीचं, अंगात ढगळ झब्बा आणि डोक्यावर उन्हाची टोपी. महिनाभर त्या शेळगावच्या शिवारात मोहनरावांच्या वस्तीवर आपला पिक्चर काढत होत्या. त्र्याण्णव सालातला माघ होता. गोष्ट नवऱ्याच्या मारानं पिचलेल्या एका बाईची होती आणि शेवटी ती बाई त्याला उसात कोयत्यानं तोडते, असं होतं. हिरोईन मुंबईहून आणलेली. डोळ्यांतून पाणी काढण्यात ती तरबेज होती, पण कोयता असा धरायची की जणू तव्यावरच्या भाकरी उलटायच्या आहेत. दोन दिवस शिकवूनही जमेना, तेव्हा मेघनाताईंनी ठरवलं की तोंड हिरोईनचं दाखवायचं आणि हात दुसऱ्या कुणाचा तरी घ्यायचा.

“मग बेणं तोडणाऱ्या बायांतलीच एक न्या की,” मोहनराव म्हणाले होते. “झुंबरसारखा घाव पंचक्रोशीत कुणाचा न्हाय.”

त्यात अतिशयोक्ती नव्हती. उसाची लागण करायची म्हणजे आधी बेण्याची दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडावी लागतात. डोळा दुखावला की कोंब येत नाही, कांडं चिरलं की कुजतं. झुंबर एका घावात टिपरं पाडायची आणि तेही शेजारणीशी बोलता बोलता. गेली वीस वर्षं शेळगाव ते पणदरे जिथं लागण असेल तिथं तिला बोलावणं यायचं.

फक्त तिच्या उजव्या हाताची करंगळी वळत नसे. चार बोटांनी कोयत्याची मूठ आवळली, तरी पाचवं बोट सरळ बाहेर राही. मेघनाताईंनी पहिल्याच दिवशी ते हेरलं.

“हे काय झालं हो?”

“दारात सापडली,” झुंबर म्हणाली.

त्या दाराचं नाव सोपान. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, तेव्हा एका सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून झुंबरच्या नवऱ्यानं ती करंगळी धरून मागं वाकवली होती. चहूबाजूंनी ऊस, तासाभरावर साखर कारखाना, आणि बाईचं बोट मोडलं ते चमचाभर साखरेपायी. त्यानंतर कारण लागतंच असंही उरलं नाही. आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं. त्याची पावलं अंगणात वाकडी वाजली, की झुंबर आधी हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून भिंतीतल्या देवळीत ठेवायची. मार काही चुकत नाही, पण फुटलेली काच मनगटात रुतली तर दुसऱ्या दिवशी कोयता धरवत नाही, हे ती शिकली होती. उजव्या हातातल्या बांगड्या करंगळीशी अडत. त्या साबण लावून, कातडं सोलून काढाव्या लागत.

मेघनाताईंना यातलं काही तिनं सांगितलं नाही. त्याच तिला समजावत होत्या. “झुंबरबाई, आजवर आपल्या सिनेमात बाई सोसते, रडते, नाहीतर विहिरीत उडी घेते. माझी बाई विहिरीत उडी घेणार नाही. तिला राग येणार आहे. तुम्हाला येतो ना राग?”

“हिरीत कशाला उडी घ्यायची? पाणी नासतं. दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी प्यायचं काय?” झुंबर म्हणाली.

मेघनाताई खळखळून हसल्या आणि त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. रागाबद्दल काही उत्तर मिळालं नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

कोयता झुंबरनं स्वतःचाच आणला होता. उभं कुठं राहायचं, हात कुठून आणायचा, सगळं तिनं नीट ऐकून घेतलं. मग ती सरीत उतरली, कोयता उचलला आणि खाली बघितलं, तर पोत्यावरच्या सदऱ्याच्या काखेत पिवळं ठिगळ होतं. तिनंच आपल्या जुन्या चोळीचा तुकडा लावून शिवलेलं.

झालं होतं ते असं. पिक्चरवाल्यांचा कपड्याचा माणूस गावातून वापरलेले कपडे गोळा करत फिरत होता. नवं द्यायचा, जुनं न्यायचा. नव्या कपड्याला मातीचा रंग येत नाही, असं त्याचं म्हणणं. गावाला हा धंदा भलताच मानवला. सोपाननंही आपला सदरा देऊन नवाकोरा चौकड्याचा सदरा घेतला होता आणि तो घालून चार दिवस पारावर मिरवत होता. जुन्या सदऱ्याचं पुढं काय होणार, हे त्यानं विचारलं नाही. जुनं देऊन नवं मिळतंय म्हटल्यावर कोण विचारतो!

“ॲक्शन!” आवाज आला, आणि पुढं काय झालं ते आपण बघितलंच.

सगळं आवरल्यावर मेघनाताई तिच्याशेजारी बांधावर येऊन बसल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “खरं सांगाल? मारताना डोळ्यांपुढं कोण होतं तुमच्या?”

“पोतं,” झुंबर म्हणाली, आणि ओहोळाला कोयता धुवायला गेली. घरी तिनं सांगितलं की मोहनरावांच्या वस्तीवर बेणं तोडायला गेले होते.

*

पिक्चर बारामतीच्या टॉकीजात लागायला दीड वर्ष गेलं. तोवर शेळगाव तो विसरायच्या बेतात होतं. पण पाटी लागल्याचं कळलं तसं दोन टेम्पो भरून गाव दुपारच्या खेळाला निघालं. कुणाला आपले बैल बघायचे होते, कुणाला आपली विहीर, कुणाला गर्दीत उभं राहिलेलं आपलं तोंड. बायका वर बाल्कनीत बसल्या, पुरुष खाली. झुंबर शेजारच्या म्हाळसाबरोबर बसली होती. म्हाळसा म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारी, तिच्या घरचं सगळं आवाजावरून ओळखणारी बाई.

खालचे पुरुष पहिला तासभर खुशीत होते. मोहनरावांचे बैल आले तेव्हा शिट्ट्या झाल्या. पडद्यावरच्या नवऱ्यानं बायकोला पहिली लाथ घातली, तेव्हाही एकदोन शिट्ट्या झाल्या. मग हळूहळू खालचा आवाज कमी होत गेला. वर बायका पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांच्या घरात रोज घडणारं कुणीतरी भिंतीएवढं करून मांडलं होतं, आणि ते बघताना शेजारणीकडं मान वळवायची कुणाची छाती होत नव्हती.

शेवटी ऊस आला आणि मग हात. तो हात पडद्यावर बैलगाडीएवढा दिसत होता. चार बोटांनी मूठ आवळलेली आणि करंगळी सरळ बाहेर.

“अगं बया!” म्हाळसानं तिचं मनगट गच्च धरलं. “झुंबरे, ही तर तुझी करंगळी!”

घाव पडत राहिले. मेघनाताईंनी एकही कापला नव्हता. सदरा फाटला, काखेतलं पिवळं ठिगळ एका क्षणापुरतं दिसलं आणि लाल झालं. खाली चिडीचूप. आणि वर बाल्कनीत कुणीतरी एकीनं टाळी वाजवली. मग दुसरीनं. मग सगळ्याच उठल्या, आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांपासून काखेत पोर घेतलेल्या बायांपर्यंत सगळ्या टाळ्या पिटत सुटल्या. खालचे पुरुष माना वळवून वर बघायला लागले. त्या अंधारात आपली बायकोही टाळ्या वाजवतेय का, हे त्यांना दिसत नव्हतं.

झुंबरनं टाळी वाजवली नाही. ती खालच्या अंधारात डोळे ताणून बघत होती. खाली कुठल्याशा रांगेत सोपान बसला होता.

घरी आल्याआल्या तिनं पंधरा वर्षांच्या लेकीला, नंदाला, म्हाळसाकडं पाठवून दिलं आणि बांगड्या उतरवल्या. उजव्या हाताला साबण लावावा लागला. मग ती चुलीपुढं तयार होऊन बसली. आज जीव जाईल, असंच तिला वाटत होतं.

सोपान आला. प्यायलेला नव्हता. दारातच उभा राहून त्यानं कुडाकडं बघितलं. तिथं झुंबरचा कोयता नेहमीच्या जागी खोचलेला होता. तिच्यापासून शक्य तितकं लांबून, भिंतीच्या कडेकडेनं तो गेला, कोयता उपसला, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप घातलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली.

“सदरा माझा हुता,” तो म्हणाला. आणि अंथरूण काखोटीला मारून गोठ्यात झोपायला गेला.

*

तेव्हापासून चार वर्षं त्यानं तिच्या अंगाला बोट लावलं नाही.

रोज सकाळी तो ट्रंक उघडून कोयता काढायचा आणि उंबऱ्यावर ठेवून चार पावलं मागं व्हायचा. ती उचलून कामाला जायची. दिवस मावळायच्या आत परत आली की मूठ त्याच्याकडं करून कोयता पुढं धरायची. तो घ्यायचा आणि कुलूप लावायचा. जेवायला बसला की ताटातला पहिला घास तिच्यापुढं धरायचा. ती खायची. ती गिळेपर्यंत तो वाट बघायचा आणि मग जेवायचा. दारू त्यानं सोडली नाही, पण पिऊन आला की घरात पाऊलच टाकत नसे.

गावानं मात्र मजा केली. पारावर कुणीही विचारायचं, “काय सोपानराव, मान हाय न्हवं जाग्यावर?” घराघरांत भांडण पेटलं की बायका म्हणायच्या, “बोलवू का झुंबरला?” मोहनरावांनी एकदा पुण्याच्या पेपरातलं कात्रण आणून वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की तो हात म्हणजे शतकानुशतकांच्या स्त्रीच्या संतापाचं प्रतीक आहे.

“प्रतीक म्हंजी?” झुंबरनं विचारलं.

मोहनरावांनी थोडा विचार केला. “म्हंजी... तुजा हात, पर तुजा एकटीचा न्हाय.”

“बेणं तोडायला तर एकटीचाच असतो,” ती म्हणाली.

सासू बनाबाई तेवढी काही बोलली नव्हती. तिनं आपल्या काळात नवऱ्याचा मार खाल्ला होता आणि मुलगा सुनेला मारताना भिंतीकडं तोंड करून पडून राहिली होती. एकदा शेंगा फोडता फोडता मान वर न करता म्हणाली, “माझ्या वक्ताला असला पिक्चर निघाला न्हाय बग.”

झुंबरला हे दिवस गोड लागत होते असं नाही. ज्याला आपली भीती वाटते अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं, हा काही संसार नव्हे. माणसं तिच्या हाताकडं बघून बोलायची. हळदी-कुंकवाला गेलं की पोरीबाळी जरा सरकून बसायच्या. कधीकधी तो पहिला घास पुढं धरून तिच्या घशाकडं बघत राहायचा तेव्हा तिला कणव यायची. वाटायचं, सांगून टाकावं की बाबा, पाचटाचं पोतं होतं ते. पण मग देवळीकडं नजर जायची. देवळी चार वर्षं रिकामी होती. ती गप्प बसायची. बारामतीत तो पिक्चर एकच आठवडा चालला होता. हिनं आपल्या घरात तो चार वर्षं चालवला, आणि तोही एक शब्द न बोलता.

*

अठ्ठ्याण्णव सालच्या फाल्गुनात नंदाला पणदऱ्याचं स्थळ आलं. मुलगा दूध डेअरीवर नोकरीला, नाव रणजित. निर्व्यसनी, घरी आठ गाई. सोपाननं जमीन किती ते विचारलं. झुंबरनं तसलं काही विचारलं नाही. पणदऱ्याला ती बेणं तोडायला जायची, तिथल्या बायांकडून तिनं हवं ते काढून घेतलं होतं. आणि पाहुणे मुलगी बघायला आले तेव्हा चहाचा कप देताना तिनं मुलाच्या आईचे हात निरखून बघितले होते.

सगळं जमलं. सुपारी फोडायचा दिवस ठरला. आणि आदल्या दिवशी मोहनराव निरोप घेऊन आले, ते खालमानेनं.

“मुलाचा आजा आडून बसलाय,” ते म्हणाले. “संभाजीतात्या. जुनं माणूस. म्हणतोय, मुलीच्या आईचा पिक्चर आमी ऐकून हाय. तिनं चारचौघांत खंडोबाचा बेलभंडारा उचलून सांगावं, की ते खोटं हुतं आन मनात नवऱ्याबद्दल काय न्हवतं. मग सुपारी फोडू. न्हाय तर आलो तसं परत जाऊ.”

सोपान दारात बसून ऐकत होता. त्यानं मान वर करून झुंबरकडं बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा तो असा थेट बघत होता. हा प्रश्न त्याचाही होता, आणि तो विचारायची हिंमत त्याला कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कासारीण येऊन घरातल्या बायकांना हिरवा चुडा भरून गेली. करंगळीपाशी तिनंही उजवा हात बराच वेळ दाबला, चोळला. ती गेल्यावर नंदानं आतून कडी लावली आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

“आई, तू उचलू नगंस भंडारा. आप्पा परत सुरू हुईल.”

“हुईल,” झुंबर म्हणाली.

“मग कशापायी? एवढं काय सोनं लागलंय त्या घराला?”

“तुज्या सासूच्या हातातल्या बांगड्या बघितल्यास?”

“जुन्याच हुत्या की. पार रंग उडालेल्या.”

“त्येच म्हणते मी,” झुंबर तिचा भांग पाडत म्हणाली. “काचेच्या बांगड्या रंग उडंपातूर टिकल्यात त्या घरात. आपल्या घरात कवा जुन्या झालेल्या बघितल्यास तू? माझ्या न्हाय, तुज्या आजीच्या न्हाय. आगं, फुटायच्या न्हाय तर उतरायच्या, ह्याच्यापलीकडं मला ठावंच न्हवतं.”

नंदा रडायला लागली. मग डोळे पुसून तिनं एकदम विचारलं, “आई, खरं सांग. तू आप्पाला मारणार हुतीस?”

“मारायचं आसतं तर पिक्चर कशाला लागला आसता?” झुंबर म्हणाली. पण मुलीच्या डोळ्यांत तिनं बघितलं नाही.

कोपऱ्यातून बनाबाई बोलली. “झुंबर, खोटा भंडारा उचलू नगं गं. द्येव लई कडक हाय. हात झडतो.”

“झडू द्या, आत्याबाई. एक बोट तर आधीच गेलंय.”

*

पाहुणे दुपारी आले. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. मध्ये तांब्याचं ताट, त्यात हळदीचा भंडारा आणि बेलाची पानं. सोपाननं पिक्चरवाल्यांकडून मिळालेला तो चौकड्याचा सदरा घातला होता. अडकित्ता आणि सुपारी त्याच्या पुढ्यात होती. दाराआड म्हाळसा आणि वस्तीवरच्या आणखी चारपाच बायका गोळा झाल्या होत्या. बारामतीला टाळ्या वाजवलेल्या त्याच ह्या.

संभाजीतात्या वाईट माणूस नव्हता. पागोटं सारखं करत, अवघडत बोलला.

“बाई, राग मानू नगा. आमाला तुमची पोरगी पसंत हाय. पर पोरगी आईचं वळण घेती म्हणत्यात. आमच्या नातवाला झोप लागाय पायजे, एवढंच.”

“राग न्हाय, तात्या,” झुंबर म्हणाली. “इचारा.”

“त्या पिक्चरात हात तुमचा हुता?”

“व्हय.”

“सदरा मालकांचा हुता म्हणत्यात. तुमाला ठावं हुतं?”

सोपानच्या हातातला अडकित्ता थांबला. झुंबरनं वाकून ताटातला भंडारा ओंजळीत घेतला, त्यावर बेलाचं पान ठेवलं. पिवळी भुकटी बोटांच्या फटींतून गळत होती. करंगळी मिटत नव्हती, तिथून जास्तच गळत होती. तिच्या डोळ्यांपुढं काखेतलं ठिगळ आलं. त्या ठिगळाचा एक-एक टाका तिला आठवत होता. तो सदरा तिनं दोन वर्षं दगडावर आपटून धुतला होता, आणि त्याच्याच बाहीनं पुसलेलं आपलं रक्तही त्यातून काढलं होतं.

दाराआड नंदाच्या बांगड्या वाजल्या.

“न्हवतं ठावं,” झुंबर म्हणाली. “पोतं हुतं. पोतं म्हणूनच मारलं. बाईंनी सांगितलं जोरात मार, तसं मारलं. माझ्या मनात मालकाबद्दल तवा काय न्हवतं, आज बी न्हाय. देवाची आन.”

“येळकोट येळकोट...” तात्यानं सुस्कारा सोडत म्हटलं, आणि सगळ्यांनी ‘जय मल्हार’ म्हणून साथ दिली. भंडारा उधळला. अडकित्त्याखाली सुपारी कट्कन फुटली. पेढे वाटले गेले. मुलाची आई आत आली आणि झुंबरचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, “लेकीवाणी ठिवीन. काळजी करू नगा.” तिच्या रंग उडालेल्या बांगड्या झुंबरच्या नव्या चुड्यावर टेकल्या होत्या. झुंबरनं मान हलवली. तिला खरोखर आनंद झाला होता. इतका, की बाकीचं क्षणभर विसरायला झालं.

दाराआडच्या बायका मात्र पेढा न घेताच गेल्या. म्हाळसा तेवढी थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता.

“खोटं बोललीस तू,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “मी तुज्या शेजारी बसले हुते. तुजं मनगट माज्या हातात हुतं.”

“व्हय,” झुंबर म्हणाली. “नंदाला आज तुज्याकडं झोपाय नेशील?”

म्हाळसानं तिच्याकडं बघितलं. मग नंदाचा हात धरून ती तिला घेऊन गेली.

पाहुण्यांची जीप बारामतीच्या रस्त्याला लागेपर्यंत सोपान हात जोडून उभा होता. परत आला तो खाकरत, दणदण पाय आपटत. इतकी वर्षं तो या घरात पाय न वाजवता चालला होता. सरळ ट्रंकेपाशी गेला. करगोट्याची किल्ली सोडून त्यानं कुलूप काढलं, कोयता बाहेर घेतला आणि त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

“पोतंच हुतं म्हण की,” तो म्हणाला आणि हसला.

मग त्यानं कोयता कुडात जुन्या जागी खोचला. पूर्वी असायचा तिथंच, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या डोक्याच्या वर हातभर. कुलूप आणि किल्ली खिडकीतून गोठ्याकडं भिरकावून दिली.

“मोहनरावाकडं जाऊन येतो. पोरीची सुपारी फुटली, चार माणसांत बसाय पायजे.” दारात पोचल्यावर तो वळला. “आल्यावर च्या लागंल. आन साखर बघून टाक.”

बनाबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

झुंबर उठली. ओसरीवर सांडलेला भंडारा तिनं झाडून घेतला, पायाखाली येऊ नये म्हणून तुळशीत टाकला. घोंगडी झटकून घडी केली. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती देवळीपाशी गेली, तिच्यातली धूळ पदरानं पुसली, आणि डाव्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या एक-एक करून उतरवून आत ठेवल्या. एकही फुटली नाही.

साबण देवळीच्या कडेलाच होता. तिनं तो उचलला, थोडा वेळ हातात धरला, आणि परत जागेवर ठेवून दिला. उजव्या हातातल्या बांगड्या तिनं तशाच राहू दिल्या.

मग चुलीपाशी आली. चूल न पेटवता, कुडाला पाठ लावून, बरोबर कोयत्याच्या खाली, उजवा हात वर केला तर मूठ सापडेल अशी बसली. तिन्हीसांजेला अंगणात वाकडी पावलं वाजली, तेव्हा ती तिथंच होती.